लिंबटाकळीचा एक मिनिटाचा थांबा

त्या सोमवारी सकाळची पॅसेंजर लिंबटाकळी हॉल्टवर चार मिनिटं उभी होती. वेळापत्रकात तिथला थांबा एक मिनिटाचा आहे. गाडीला तोपर्यंत एक तास दहा मिनिटं उशीर झाला होता. मी मधल्या डब्यात खिडकीशी बसलो होतो आणि घड्याळाकडे बघत होतो. बुधवारी आमच्या दैनिकाच्या जिल्हा पानावर छापून आलं: ‘लिंबटाकळी येथे एक मिनिटाच्या थांब्यावर गाडी चार मिनिटे उभी होती. कारण समजू शकले नाही.’

कारण विचारायला मी खाली उतरलो नव्हतो.

हॉल्टवर रेल्वेचा नोकर नसतो. गावातलाच एखादा माणूस एजंट म्हणून तिकिटं विकतो. लिंबटाकळीला ते काम रुखमाबाई करत. आधी त्यांचे यजमान दादाराव करायचे. ते गेल्यावर खिडकी यांच्याकडे आली. सारं गाव त्यांना काकू म्हणे. साठीच्या आसपासचं वय, ठेंगणा बांधा. भर उन्हाळा वगळता साडीवर दादारावांचा बिनबाह्यांचा स्वेटर असायचा. रुळाशेजारी मुरमाचा फलाट, एक खोली, तिला एक खिडकी आणि समोर एक कडुलिंब, एवढंच ते स्टेशन. सकाळी एक गाडी जालन्याकडे जाते, संध्याकाळी एक परत येते.

गाडी थांबली की काकू खिडकी ओढून घेत आणि बाहेर येऊन उभ्या राहत. चढणारे चढले, उतरणारे उतरले, की उजवा हात वर करत. शेवटच्या डब्यातला गार्ड त्या हाताकडे बघून हिरवा झेंडा दाखवी. नियमात हा हात कुठंही नाही. पण या मार्गावर आलेल्या प्रत्येक गार्डला तो पहिल्या आठवड्यातच कळत असे.

मी दोन स्टेशनं आधी चढायचो. जालन्याच्या कार्यालयात दहाला पोचायचं असे, आणि पोचायचो साडेदहा ते साडेअकराच्या मध्ये कधीतरी. लिंबटाकळीची वेळ आठ पन्नासची. त्या वेळेला गाडी आलेली मी फार थोड्या वेळा पाहिली. मोठ्या गाड्यांना वाट देण्यासाठी पॅसेंजर कुठंतरी बाजूला घेतली जाते, आणि तिथं किती वेळ उभी राहील हे चालकालाही ठाऊक नसतं. चौदा दिवस मी प्रत्येक स्टेशनवरची वेळ लिहिली आणि त्यातून ती बातमी तयार झाली. लिंबटाकळीची चार मिनिटं ही त्यातली एक ओळ होती.

बातमी आली त्याच आठवड्यात, शनिवारी, मी लिंबटाकळीला उतरलो. काकू खिडकीत बसून तूर निवडत होत्या.

“तुम्हीच का ते पेपरवाले?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी हो म्हटलं.

“बराबर लिहिलं. चारच मिनिटं होते.” दोन खडे बाजूला टाकून त्या म्हणाल्या, “एक चुकलं. कारण समजलं न्हाई म्हणून लिहिलं. विचारलं कोणाला?”

त्यांनी सुपातली तूर बाजूला केली आणि मला आत बसायला स्टूल दिलं. पुढच्या सात-आठ महिन्यांत मी त्या स्टुलावर बऱ्याचदा बसलो. आता सांगतो त्यातलं बरंचसं तिथून ऐकलेलं आणि पाहिलेलं आहे.

काकूंचा एक नियम होता. गाडी किती वाजता येईल हे त्या कुणालाही सांगत नसत.

“काकू, गाडी कुठंय?”

“येऊन राह्यली.”

“किती लेट हाय?”

“येऊन राह्यली म्हटलं ना. बस.”

भिंतीवरचं घड्याळ त्यांनी खिडकीच्या आतल्या अंगाला, बाहेरून दिसणार नाही असं लावलं होतं. मागच्या स्टेशनवरून फोन यायचा, कुठं उभी आहे ते कळायचं; काकू “बरं” म्हणून फोन ठेवत आणि पुन्हा तूर निवडू लागत. एकदा एका कॉलेजच्या पोरानं मोबाइल खिडकीत धरला. “काकू, यात तर दाखवून राह्यलंय की गाडी गेली बी.”

“मंग तू पण जा तिच्यामागं,” काकू म्हणाल्या. “आम्ही इथंच हाव.”

पोरगा थांबला. गाडी पस्तीस मिनिटांनी आली.

या नियमामागं एक लग्न होतं. ते मला यादवरावांनी सांगितलं. लग्न त्यांचंच होतं.

यादवराव काकूंच्या घरापासून तिसऱ्या घरात राहत. दादारावांचे मित्र, वयानं थोडे लहान. म्हणून काकू त्यांना भाऊजी म्हणत आणि ते काकूंना वहिनी. गावाच्या खालच्या अंगाला त्यांची मोसंबीची बाग होती, ती आता मुलगा आणि सून पाहत होते. बायको चार वर्षांपूर्वी गेली. तिच्याशी लग्न झालं त्या दिवशी नवरदेवासह सगळं वऱ्हाड सकाळी हॉल्टवर येऊन बसलं होतं. मुलीचं गाव जालन्याच्या पुढं. मुहूर्त साडेबाराचा. मागच्या स्टेशनवरून निरोप आला की गाडी दोन तास लेट आहे. दादाराव नुकतेच एजंट झाले होते. माणसं ताटकळू नयेत म्हणून त्यांनी सगळ्यांना स्वच्छ सांगून टाकलं, दोन तास आहेत, घरी जा, चहापाणी करा. वऱ्हाड परत गावात गेलं.

गाडीनं वाटेत वेळ भरून काढला आणि ती पन्नास मिनिटांतच आली. हॉल्टवर तेव्हा वऱ्हाडातला एकच माणूस होता, कडुलिंबाखाली झोपलेला नवरदेवाचा मामा. उशाला नवरीच्या साडीची आणि मंगळसूत्राची पेटी. गाडीच्या आवाजानं तो दचकून उठला, पेटी घेऊन चढला, आणि सगळे मागच्या डब्यात असतील असं समजून बसून राहिला.

“पलीकडचे लोक हलगी घेऊन टेशनावर आल्ते,” यादवराव सांगत. “मामा एकटाच उतरला. त्यांनी वाजवत नेला त्याला मांडवापर्यंत. पाय धुतले, गुळपाणी दिलं. मामाला वाटलं नवरदेव मागून येऊन राह्यला. त्यांना वाटलं हाच नवरदेव, जरा थोराड दिसतो एवढंच.”

“खोटं सांगू नका, भाऊजी,” काकू आतून म्हणत. “एवढं न्हाई वाटलं कोणाला.”

“तुम्ही व्हते का तिथं? तुम्ही तर इथं दादारावाला शिव्या देत व्हते.”

यादवराव मोसंबीच्या टेम्पोत बसून चार वाजता मांडवात पोचले. लग्न झालं. पुढं कित्येक वर्षं गावातला कुणीही दादारावांना वाटेत भेटला की विचारायचा, “काय दादाराव, दोन तास हायेत का?” दादारावांना ते फार लागलं. त्यांनी वेळ सांगणं बंद केलं आणि काकूंनी तोच नियम पुढं चालवला. वेळ सांगितली की माणूस घरी जातो, आणि घरी गेलेल्या माणसाला गाडी सापडत नाही, असं त्या म्हणत.

“तुमच्या दादारावानं माझं लग्न लेट केलं,” यादवराव अधूनमधून काढत.

“संसार तर वेळेवर झाला ना?” हे काकूंचं उत्तर ठरलेलं होतं.

माणसांना बसवून ठेवायचं तर त्यांना काही काम हवं. काकूंनी ते शोधलं होतं. गावातल्या म्हाताऱ्यांचे निराधार योजनेचे, रेशनचे, विहिरीच्या अनुदानाचे कागद पिशव्यांत पडून असत. जालन्याला कॉलेजला जाणाऱ्या मुली रोज सकाळी तासभर हॉल्टवर बसून असत. काकू खिडकीतून हाक मारत, “अश्विनी, इकडं ये. या आबाचा फारम भर. जल्दी न्हाई, गाडी येऊन राह्यली, पण अक्षर नीट काढ.” कडुलिंबाच्या पारावर फॉर्म भरले जात. पारावरचा अंगठ्याचा शाईचा पॅड काकूंचा स्वतःचा होता. एखादा फॉर्म अर्धा राहिला तर तो काकूंच्या खणात जाई आणि दुसऱ्या दिवशी तीच मुलगी तो पुरा करी. एकदा अश्विनी म्हणाली, “काकू, गाडी टायमावर आली तर तुमचं हे हापिस बंद पडंल.” काकूंनी तिला शाईचं बोट दाखवलं आणि पुढचा कागद सरकवला. ती अश्विनी आता घनसावंगीला एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे.

यादवरावांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं दोन वर्षांपूर्वी कळलं. तेव्हापासून सोमवार, बुधवार आणि शुक्रवार जालन्याला जाऊन डायलिसिस घ्यायचं. यंत्राची त्यांची पाळी अकराची, चार तासांची. साडेअकरापर्यंत माणूस आला नाही तर यंत्र पुढच्याला देतात, आणि मग दोन दिवस पाणी अंगातच राहतं. गावातून हमरस्ता सहा किलोमीटर, रस्ता खड्ड्यांचा. मोटारसायकलवरून दोनदा नेऊन पाहिलं; दुसऱ्या खेपेला ते वाटेत चक्कर येऊन पडले. राहिली पॅसेंजर.

उपचार सुरू झाल्यावर त्यांना बाकावर फार वेळ बसवत नसे. ते घरी पडून राहत आणि दुरून गाडीचा भोंगा ऐकू आला की निघत. घरापासून हॉल्ट चारशे पावलांवर. पूर्वी ते हे अंतर भोंगा आणि गाडी यांच्या मधल्या वेळात सहज चालत. आता गाडी आधी येई. काकू हात वर करत नसत. गार्ड थांबून राही. यादवराव गल्लीच्या वळणावर दिसत, चपला घासत येत, त्यांचा मुलगा त्यांना डब्यात चढवी, आणि मग हात वर जाई. माझ्या घड्याळात भरलेली चार मिनिटं ही होती.

बातमीनंतर बारा दिवसांनी चौकशीला एक अधिकारी आले. पॅसेंजर रोज जो तासभर गमावते तो कुठं आणि कुणामुळं जातो हे कागदावर एका माणसाच्या नावे लिहिता येत नव्हतं. लिंबटाकळीच्या तीन जादा मिनिटांना नाव होतं. अधिकारी सभ्य होते. त्यांनी विचारलं, बाई, गाडी तुम्ही थांबवता का?

“थांबवते,” काकू म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा विचारलं. कुणी पडलं होतं, सामान अडकलं होतं, असं काही कारण होतं का? ते लिहिता येईल.

“कोणी पडलं न्हाई. आमचा माणूस चालत येऊन राह्यला व्हता.”

लेखी ताकीद आली. पुन्हा थांबा लांबला तर एजन्सी रद्द होईल, असं तिच्यात होतं. काकूंनी ती खिळ्याला लावली.

त्यानंतर त्यांनी यादवरावांसाठी घरची बाज हॉल्टवर आणून टाकली. सोमवार, बुधवार, शुक्रवार ते साडेआठपासून कडुलिंबाखाली पडून राहत, आणि गाडी येईल तेव्हा येई. कधी पाऊण तास, कधी दोन तास. त्यांना दिवसात मोजकंच पाणी पिता येई. काकू खिडकीत चहा प्यायच्या, ते त्यांनी सोडलं. अर्धा कप यादवरावांना देत आणि स्वतः नुसत्या बसत.

“वहिनी, तुम्ही प्या ना.”

“मला पित्त झालं.”

“सोमवार, बुधवार, शुक्रवारीच पित्त होतं का?”

“बराबर ओळखलं. पडा गुमान.”

याच काळात त्यांनी आपला नियम मोडला. डायलिसिस केंद्रातल्या सिस्टरचा फोन यायचा. पहिल्या दिवशी काकूंनी तिलाही सांगितलं, येऊन राह्यलेत. सिस्टर म्हणाली, “येऊन राह्यलेत म्हणजे किती वाजता? मला मशिन धरून ठेवायचं तर वेळ सांगा, नाहीतर मी दुसऱ्याला लावते.” काकू फोन कानाला लावून खोलीच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पदर तोंडावर घेतला आणि हळूच म्हणाल्या, “अकरा पस्तीस.” मग बाहेर वळून बघितलं, पारावरच्या कुणी ऐकलं का म्हणून. मी ऐकलं होतं. त्या मला म्हणाल्या, “तुम्ही छापू नका.”

त्यानंतर त्या दर खेपेला सिस्टरला वेळ सांगत. मागच्या स्टेशनला दोनदा फोन करून, गाडी कुठं उभी आहे ते विचारून, पुढचे थांबे बोटांवर मोजून. मी तपासून पाहिलं. सलग नऊ खेपांत त्यांचा अंदाज पाच मिनिटांपेक्षा जास्त चुकला नाही. पारावर विचारणाऱ्यांना मात्र अजूनही “येऊन राह्यली” हेच उत्तर होतं.

ताकीद आल्यानंतर सात महिने थांबा एका मिनिटाचाच राहिला.

मग जानेवारीतला एक शुक्रवार. गाडी पासष्ट मिनिटं उशिरा होती. मी गाडीत होतो. गाडी थांबली तेव्हा कडुलिंबाखालची बाज रिकामी होती. पहाटेपासून यादवरावांच्या पायांत गोळे येत होते, ते घरातून निघालेच उशिरा, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की काकू बाहेर उभ्या आहेत, चारजण चढले, दोन उतरले, आणि काकूंचा हात खालीच आहे.

एक मिनिट झालं. दोन झाली. आमच्या डब्यातला एक दूधवाला दारातून वाकून ओरडला, “ओ काकू, तास लेट हाय, अजून काय सत्यनारायण घालून राह्यले का?”

“दम धर,” काकू म्हणाल्या.

यादवराव गल्लीच्या वळणावर दिसले. मुलाच्या खांद्यावर हात, दहा पावलं चालून थांबत होते. तिथून फलाट दीडशे पावलं असेल. गार्डसाहेब डब्यातून उतरून काकूंकडे आले. तरुण होते, त्यांना ताकीद माहीत होती.

“काकू, हात करा. मला नोंद करावी लागेल.”

“करा ना.”

“एजन्सी जाईल तुमची.”

“जाईल. लिहा बराबर, थांबा एजंटनं लांबवला. तुमच्यावर घेऊ नका.” त्यांचे डोळे गल्लीकडेच होते. “भाऊजी! घाई करू नका. गाडी हितंच हाय.”

यादवराव पुन्हा थांबले. या वेळी मी उतरलो. दूधवालाही उतरला, कॅन तसेच दारात ठेवून तो पुढं पळाला. मुलगा एका बाजूनं, दूधवाला दुसऱ्या बाजूनं. माझ्या हातात त्यांची पिशवी आली, तिच्यात चादर आणि डबा होता. “जिंदगीत पहिल्यांदा गाडी माझ्यासाठी थांबली, वहिनी,” यादवराव धापा टाकत म्हणाले.

“दर खेपेलाच थांबत व्हती, भाऊजी. चढा.”

ते चढले, बसले. काकूंनी खिडकीतून त्यांच्या अंगावर चादर आली का ते पाहिलं. गार्डकडे वळल्या आणि हात वर केला. एकूण सात मिनिटं झाली होती. गार्डच्या वहीत सात लिहिली गेली, कारणासह. माझ्या वहीतही. त्या सात मिनिटांची बातमी मी दिली नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. शेवटच्या दिवशी काकूंनी उरलेली तिकिटं मोजून बांधली, अर्धे राहिलेले फॉर्म ज्याचे त्याला परत केले आणि किल्ली मोठ्या स्टेशनवर पोचवली. नवा एजंट अजून मिळालेला नाही. खिडकी बंद आहे. गाडी थांबते.

काकूंना मी शेवटचं पाहिलं ते मार्चमध्ये, एका बुधवारी, जालना स्टेशनवर. गाडी अकरा वाजून आठ मिनिटांनी आली. त्या यादवरावांच्या डब्यातून आधी उतरल्या, मग त्यांना उतरवलं. खिडकीचं काम नसल्यानं आता तिन्ही दिवस त्याच सोबत येत, मुलाचा बागेतला दिवस मोडत नसे. अंगात तोच स्वेटर, खांद्याला पिशवी. फलाटावरची गर्दी दोघांना ओलांडून पुढं गेली. काकू यादवरावांच्या चालीनं चालत होत्या, अर्धं पाऊल मागं.

मी विचारलं, रिक्षा बघू का?

“बघितली,” त्या म्हणाल्या. “भाऊजींना बोलण्यात गुंतवू नका, ते थांबतात मंग.”

“मी न्हाई थांबत,” यादवराव म्हणाले आणि थांबले.

“चला.”

ती दोघं स्टेशनच्या दारातून बाहेर पडली. दुपारी मी केंद्रात फोन केला. सिस्टरनं रजिस्टर पाहून सांगितलं, यंत्र अकरा वाजून चोवीस मिनिटांनी लावलं, तीन चोवीसला काढलं.